मासे मोजले की होड्या? तारल्यांच्या निमित्ताने थोडं गणित, थोडा इतिहास

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत मी सासष्टीच्या रापणीवर टिपण वाचलं होतं. त्यात एक आलेख होता. १९६० च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षं गोव्यात किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीचे सरकारी आकडे घेऊन तो काढला होता आणि रेषा वर चढत होती. त्यावरून मी सांगून टाकलं, की "मासळी कमी झाली" ही रापणकारांची तक्रार आकड्यांशी जुळत नाही. मागच्या रांगेतले एक वयस्कर खारवी उठले आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, तुम्ही मासे मोजले की होड्या?"

मला उत्तर देता आलं नाही. ते आता देतो, उशिरा का होईना.

पकड म्हणजे साठा नव्हे

समुद्रातले मासे कोणी मोजू शकत नाही. मोजता येते ती पकड, आणि पकड दोन गोष्टींवर ठरते: पाण्यात मासे किती, आणि ते धरायला आपण किती जोर लावला. होड्या दुप्पट झाल्या, त्यांना इंजिनं लागली, सुती जाळ्यांच्या जागी नायलॉन आलं, तर साठा घटत असतानाही एकूण पकड वाढते. म्हणून अभ्यासक पकडीला श्रमाने भागतात: एका होडीला एका फेरीत, किंवा जाळं पाण्यात असताना दर तासाला किती मासळी मिळाली? माझ्या आलेखात हा भागाकारच नव्हता. गोव्यात ट्रॉलर वाढले तोच तो काळ. चढणाऱ्या रेषेत मासे किती आणि होड्या किती, हे मी तपासलंच नव्हतं.

खरं तर मला हे आधी सुचायला हवं होतं. धरणाच्या जलाशयाचा हिशेब आम्ही इंजिनिअर लोक रोज करतो: आवक वजा जावक, उरला तो साठा. ई. एस. रसेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये मासळीसाठी हाच हिशेब मांडला. नव्याने वाढून जाळ्यात येण्याजोगी झालेली पिल्लं आणि असलेल्या माशांची वजनवाढ ही आवक. नैसर्गिक मृत्यू आणि मासेमारी ही जावक. दोन्ही बाजू जुळल्या तर साठा टिकतो.

आवक कोण ठरवतं?

आपल्या तारल्यांच्या बाबतीत आवक बरीचशी पावसाळ्यावर अवलंबून असते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड, खतासारख्या क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. उत्तरेला गोव्याकडे हा जोर कमी होत जातो. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात. १९५५ मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी त्यांतली एक, 'फ्राजिलारिया ओशियानिका', ही तारल्यांच्या सुगीची खूण असल्याचं मांडलं. तारल्यांची वीण याच सुमाराला होते, त्यामुळे पिल्लांना ताट वाढलेलं मिळतं.

पण हेच खालचं पाणी प्राणवायूने कमी असतं. ते फार वर आलं तर मासे दुसरीकडे सरकतात. पाऊस, वारा, पाण्याचं तापमान यांचं गणित थोडं चुकलं तरी त्या वर्षीची पिल्लं तगत नाहीत. त्यात तारल्याचं आयुष्य जेमतेम अडीच-तीन वर्षांचं, वर्षभरात तो वयात येतो. म्हाताऱ्या माशांची शिल्लक बँकेत नसते, त्यामुळे लागोपाठ दोन वाईट वर्षं लगेच बाजारात दिसतात.

केरळचे आकडे पाहा. २०१२ मध्ये तिथे सुमारे ३.९ लाख टन तारले उतरले, २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन. या घसरणीमागे भरमसाट आणि लहान माशांची मासेमारी, तसंच २०१५ च्या सुमाराचा एल निनो, अशी दोन्ही कारणं सांगितली जातात. एकावरच बोट ठेवणं कठीण आहे.

जुना प्रश्न, जुने उपाय

तारले असे येतात-जातात हे नवं नाही. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे जेम्स हॉर्नेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मलबारच्या तारल्यांचा अभ्यास केला. १९४० च्या दशकात तारले गायब झाले तेव्हा, १९४३ मध्ये, मद्रास सरकारने काही जाळ्यांवर निर्बंध घातले. त्यांतल्या एका जाळ्याचं नावच 'मत्तिकोल्ली', म्हणजे तारलेमार! १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था सुरू झाली. तिचे कर्मचारी आजही ठरवून दिलेल्या दिवशी ठरावीक बंदरांवर जातात, निवडक होड्यांची मासळी तोलतात, माशांची लांबी मोजतात आणि त्यावरून सगळ्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. लांबीवरून वय समजतं. कानातल्या बारीक खड्यावरची वलयंही काही माशांचं वय सांगतात, झाडाच्या खोडासारखी.

मग रापणकार खोटे होते का?

अजिबात नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. अनेक घरांचे तुकडे एकत्र जोडायचे, होडीने अर्धवर्तुळ घालायचं आणि दोन्ही टोकं वाळूवरून पन्नास-साठ माणसांनी ओढायची. जो मासा स्वतःहून किनाऱ्यालगत येतो तोच रापणीत सापडतो. बाहेरच ट्रॉलर आणि पर्ससीन लागले, तर तो किनाऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे राज्याची एकूण पकड वाढणं आणि रापण रिकामी येणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. १९७० च्या दशकातल्या रापणकारांच्या आंदोलनाचा मुद्दा हाच होता. त्यानंतर १९८० चा गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याची तरतूद झाली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, तीही आवक सांभाळण्यासाठीच.

जुने कागद वाचताना

आपल्यापैकी बरेच जण घरचे जमाखर्च, चर्चच्या वह्या, देवस्थानची दप्तरं चाळतात. त्यात मासळीचा उल्लेख सापडला, तर एवढं जरूर टिपा: मासा कोणता, महिना कोणता, जाळं कोणतं, होड्या आणि माणसं किती. नुसत्या किमतीवरून साठा ठरवू नका. बर्फ आला, रस्ता झाला, हॉटेलं वाढली की किंमत बदलते, समुद्रात काहीही न घडता. माडाच्या आळ्यात तारले खत म्हणून घालायचे, ही आठवणही अशीच वाचायची. भरपूर मासळी हे त्याचं एक कारण, पण ती लांबच्या बाजारात पोचवायची सोय नव्हती हेही तितकंच मोठं कारण.

माझा तो आलेख मी टिपणातून काढून टाकला आहे. त्याच्या जागी सध्या रापणीला लागणाऱ्या माणसांची संख्या जमवतो आहे, गावोगावच्या जुन्या रापणकारांना विचारून. ज्या खारवींनी तो प्रश्न विचारला, त्यांच्याकडूनच सुरुवात केली.