करुणेची मुदत

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छची भूमी हादरली. देश प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात गुंतलेला असताना भुज, भचाऊ, अंजार आणि रापर ही गावे काही क्षणांत ढिगाऱ्यांत रूपांतरित झाली. अधिकृत नोंदीनुसार सुमारे १४ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि दीड लाखाहून अधिक जखमी झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, २९ जानेवारीला, बेंगळुरू आणि मंड्याच्या परिसरालाही भूकंपाचा एक सौम्य धक्का जाणवला. हानी फारशी झाली नाही. परंतु दूरचित्रवाणीवर कच्छची दृश्ये पाहणाऱ्या या शहराला त्या धक्क्याने एक गोष्ट जाणवून दिली. भूकंप ही केवळ दुसऱ्यांवर कोसळणारी आपत्ती नव्हे.

बेंगळुरूला हा अनुभव अगदीच नवा नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गाढ झोपलेल्या किल्लारी परिसराला भूकंपाने गाठले, तेव्हाही त्याची कंपने बेंगळुरूपर्यंत पोहोचली होती. दोन्ही वेळी देशभर मदतीचा ओघ सुरू झाला आणि बेंगळुरूही त्यात मागे राहिले नाही. तथापि दातृत्वाची खरी परीक्षा पहिल्या आठवड्यात होत नाही, ती पहिल्या वर्षानंतर होते, हे या दोन भूकंपांनी शिकवले.

पहिल्या आठवड्याची लाट

आपत्तीनंतर उसळणारी करुणा ही समाजाच्या आरोग्याची खूण होय. औषधे, धान्य, ब्लँकेट, तंबू यांची तातडीने गरज असते आणि ती भागवण्यास अनोळखी हात पुढे येतात. परंतु ही लाट जितक्या वेगाने येते, तितक्याच वेगाने ओसरते. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरून बातमी आतल्या पानावर गेली की देणगीदारांची संख्याही घटू लागते. याउलट, बेघर झालेल्या कुटुंबाची गरज त्याच सुमारास खऱ्या अर्थाने सुरू होते. घर बांधायचे असते, बैलजोडी किंवा हातमाग पुन्हा उभा करायचा असतो, मुलांची शाळा सुरू करायची असते.

घाईने दिलेल्या दानाचे दुसरेही एक दुखणे असते. कच्छमध्ये मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिल्याचे चित्र त्या काळात सर्वांनी पाहिले. त्यातील बरेच कपडे तेथील लोकांच्या पेहरावाशी न जुळणारे होते, काही तर वापरण्याजोगेही नव्हते. देणाऱ्याच्या कपाटातील अडगळ आणि घेणाऱ्याची गरज या दोन गोष्टी एक नसतात. १९९१ च्या उत्तरकाशी भूकंपानंतरची स्थिती विद्यार्थिदशेत पाहिलेल्या अंशु गुप्ता यांनी १९९९ साली ‘गूंज’ ही संस्था सुरू केली. कापड निवडून, दुरुस्त करून, गरजेप्रमाणे पोहोचवायचे आणि घेणाऱ्याने गावाच्या कामात श्रम देऊन ते सन्मानाने स्वीकारायचे, अशी रीत या संस्थेने घातली. २०१५ साली गुप्ता यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र यांचा विचार सांगितला आहे. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेले ते दान. आधुनिक मदतकार्याची सारी तत्त्वे या तीन शब्दांत सामावली आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

घर कोणाच्या मनाप्रमाणे?

किल्लारीच्या भूकंपात अधिकृत नोंदीनुसार सुमारे ८ हजार माणसे दगावली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्याचा निर्णय झाला. जागतिक बँकेचे साहाय्य लाभलेला तो पुनर्वसन कार्यक्रम देशातील त्या वेळच्या मोठ्या कार्यक्रमांपैकी एक होता. अनेक संस्थांनी गावे दत्तक घेऊन घरे बांधून दिली. घरे भक्कम होती, रस्ते रुंद आणि सरळ होते; पण काही ठिकाणी शहरी वसाहतीचा आराखडा शेतकऱ्याच्या जगण्याला मानवला नाही. गोठा कोठे बांधायचा, कडबा कोठे रचायचा, औतफाटा कोठे ठेवायचा, भावकीची घरे लांब गेली तर सणवार कसे करायचे, हे प्रश्न कागदावरच्या नकाशात उमटले नव्हते.

कमी हानी झालेल्या गावांत मात्र निराळा मार्ग अनुसरला गेला. घरमालकाने स्वतः घराची दुरुस्ती व मजबुतीकरण करावे आणि शासनाने त्याला टप्प्याटप्प्याने पैसे व तांत्रिक सल्ला द्यावा, अशी ही पद्धत होती. गुजरातमध्ये हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर अवलंबली गेली. लाभार्थ्यांच्या बँक खात्यांत हप्त्याहप्त्याने रक्कम जमा होई आणि बांधकामाची पाहणी झाल्यावर पुढचा हप्ता मिळे. कच्छमधील असंख्य कुटुंबांचे पहिले बँक खाते या निमित्ताने उघडले गेले. मदत घेणारा माणूस रांगेत उभा असलेला याचक न राहता आपल्या घराचा कर्ता झाला. बँकिंग क्षेत्रात काम करणाऱ्यांना अभिमान वाटावा असा हा बदल होय.

भिंती आणि मने

भूकंपग्रस्तांना बेंगळुरूने जे दिले, त्यातील सर्वांत टिकाऊ वाटा पैशांच्या स्वरूपात मोजता येणार नाही. तो ज्ञानाचा आहे.

किल्लारीत बळी घेतले ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या अवजड छपरांनी. कच्छमध्येही ओबडधोबड दगडांची घरे प्रथम कोसळली. भुजनंतर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेशी निगडित के. एस. जगदीश, एस. रघुनाथ आणि के. एस. नंजुंडराव यांनी कोसळलेल्या व उभ्या राहिलेल्या बांधकामांचा अभ्यास करून २००३ साली तो प्रसिद्ध केला. भिंत बाहेरच्या बाजूला वाकून अचानक कोसळू नये, यासाठी तिच्या दोन्ही अंगांना उभ्या सळ्या लावून त्या भिंतीतून आरपार एकमेकींशी बांधाव्यात, अशी एक सोपी पद्धत या शहरातील अभ्यासकांनी विकसित केली. गवंड्याला समजेल आणि सामान्य कुटुंबाला परवडेल असे हे तंत्र आहे.

येथे एक योग लक्षात घेण्याजोगा आहे. भारतीय विज्ञान संस्था ही स्वतः एका मोठ्या दानाचे फळ आहे. मुंबईच्या जमशेटजी टाटांनी तिच्यासाठी संपत्ती देऊ केली आणि म्हैसूर संस्थानने सुमारे ३७१ एकर जमीन दिली. १९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले आणि संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. दात्याने आपल्या दानाचे फळ पाहिले नाही. पण सुमारे एका शतकानंतर त्याच फळाचा उपयोग कच्छच्या भिंतींना झाला.

दुसरे देणे निम्हान्सचे. बेंगळुरूच्या या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेला सामूहिक दुःखाची ओळख आपल्याच शहरात झाली होती. फेब्रुवारी १९८१ मध्ये बेंगळुरूत सर्कशीच्या तंबूला लागलेल्या आगीत अनेकांचा मृत्यू झाला. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्यांच्या आप्तांच्या शोकाचा अभ्यास निम्हान्सने केला. पुढे भोपाळची वायुदुर्घटना, ओडिशाचे चक्रीवादळ आणि गुजरातचा भूकंप अशा प्रत्येक प्रसंगी ही जाण उपयोगी पडली. प्रत्येक आपद्ग्रस्ताजवळ मानसोपचारतज्ज्ञ पोहोचणे शक्य नसते. म्हणून शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि स्थानिक कार्यकर्ते यांनाच धीर देण्याचे, शांतपणे ऐकून घेण्याचे आणि गंभीर रुग्ण ओळखून पुढे पाठवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. ऐकून घेणे हेही दान आहे, आणि त्याची गरज तंबू उठल्यावरही संपत नाही.

तीन आण्यांचा हिशेब

दानाला हिशेबाची जोड नसेल तर विश्वास ढळतो, आणि विश्वास ढळला की पुढच्या आपत्तीत हात आखडतात. या बाबतीत १९३४ च्या बिहार भूकंपाचे उदाहरण आजही मार्गदर्शक आहे. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या मदत समितीचा हिशेब सांभाळण्यासाठी जमनालाल बजाज यांनी हिशेबशास्त्रात पारंगत असलेल्या जे. सी. कुमारप्पा यांना बोलावले. कुमारप्पांनी कार्यकर्त्यांच्या रोजच्या जेवणखर्चाला तीन आण्यांची मर्यादा घातली. समितीच्या बैठकीसाठी गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह पाटण्यास आले, तेव्हा या मंडळींचा खर्च मदतनिधीतून करता येणार नाही, असे त्यांनी महादेवभाई देसाईंना स्पष्ट सांगितले. गांधीजींना हे कळल्यावर त्यांनी कुमारप्पांचीच बाजू योग्य ठरवली.

भूकंपग्रस्तांसाठी दिलेला प्रत्येक आणा भूकंपग्रस्तांचा आहे, हा त्या नकाराचा अर्थ. ज्याच्यासाठी पैसा दिला त्याच्यापर्यंत तो पोहोचला की नाही, हे विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. ते दात्याचे कर्तव्यच होय. कोणत्याही संस्थेला देणगी देण्यापूर्वी तिची नोंदणी, लेखापरीक्षित ताळेबंद आणि मागील आपत्तीत केलेल्या कामाचा वृत्तांत पाहावा. देणगी धनादेशाने किंवा खात्यातून संस्थेच्याच नावे वळती करावी व पावती जपून ठेवावी. आपत्तीच्या गडबडीत फिरणाऱ्या अनोळखी खाते क्रमांकांची आणि क्यूआर कोडची खातरजमा केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. हीच दक्षता शाखेतील कर्मचाऱ्यांनीही ग्राहकांना आपुलकीने सांगावी.

दीर्घ पल्ल्याचे दान

किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास आणले. पुढे वाघोली येथे त्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था झाली. १९९३ मध्ये पाचवीत असलेले मूल पदवीधर होण्यास आणखी दहा-अकरा वर्षे लागतात. ज्याने त्या मुलाची जबाबदारी घेतली, त्याने एका आठवड्याची नव्हे, दशकाची करुणा देऊ केली होती. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ही दीर्घ मुदतीची ठेव होती. तिचा परतावा एका उभ्या राहिलेल्या आयुष्याच्या रूपाने मिळाला.

सामान्य पगारदाराला हे अशक्य नाही. भूकंपाच्या दिवशी एकरकमी पाच हजार रुपये देण्याऐवजी त्यातील दोन हजार तत्काळ द्यावेत आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेला स्थायी सूचना देऊन दरमहा अडीचशे रुपये वर्षभर पाठवावेत. रक्कम तेवढीच राहते. परंतु संस्थेला पुढच्या महिन्याची खात्री मिळते, शिक्षकाचा पगार होतो, गवंड्यांचे प्रशिक्षण थांबत नाही. वर्षअखेरीस संस्थेचा अहवाल मागवावा, आणि तो समाधानकारक वाटल्यास सूचनेची मुदत आणखी एका वर्षाने वाढवावी.