तंबूत शेगडी नको!

डिसेंबर उजाडला की भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली तरुण मंडळी शनिवारची पाळी संपवून पवना धरणाकाठी तंबूत मुक्कामाला जातात. दवाखान्यात कुणीतरी विचारतेच, "डॉक्टर, रात्री तंबूत शेगडी ठेवली तर चालेल ना? धूर तर नसतो!"

मुळीच चालणार नाही. धूर नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. झोपलेल्याला तेही कळत नाही. असा रुग्ण आढळल्यास त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मग ऊब कशी मिळवावी? ऊब शरीरातच तयार होते. आपण ती फक्त राखायची. गार जमीन अंगातील उष्णता ओढून घेते, म्हणून दोन घोंगड्या असतील तर एक खाली अंथरावी. घामाने ओले झालेले कपडे बदलावेत. कानटोपी, पायमोजे घालावेत व पोटभर जेवावे. दारूने अंग तापल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर जाते.

शेकोटी हवीच असेल तर ती तंबूबाहेर, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवलेली.