सगळ्यांची कंबर एका साच्याची नसते



उसाचा हंगाम आला की आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे कोयता घेऊन निघतात. एकाच फडात एक भाऊ दिवसभर मोळ्या वाहतो, दुसऱ्याची कंबर दुपारीच धरते. मग लोक त्याला कामचुकार म्हणतात. असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबा.

कंबरेत बहुधा 5 मणके असतात. दोन मणक्यांमध्ये पुढे चकती आणि मागे डावी-उजवीकडे दोन लहान सांधे असतात. हे सांधे दाराच्या बिजागरीसारखे. कोणाच्या दोन्ही बिजागऱ्या सारख्या बसलेल्या असतात, कोणाची एक थोडी तिरकी असते. कोणाचा शेवटचा मणका खालच्या त्रिकोणी हाडाला जन्मतःच जुळलेला असतो, तर कोणाला कंबरेत 6 मणके दिसतात. अशा जुळलेल्या मणक्याचा कंबरदुखीशी संबंध इटलीचे डॉ. बर्टोलोट्टी यांनी 1917 साली मांडला.

हा फरक म्हणजे रोग नव्हे. कित्येकांना जन्मभर त्याचा त्रास होत नाही. म्हणून एक्स-रेत तसे दिसले तरी घाबरू नका. दुखणे त्याचेच आहे का, हे डॉक्टर तपासून ठरवतील.

आपल्या हातात काय आहे? मजुरी टनावर मिळते, मोळीवर नाही. मोळी लहान बांधा. खेपा वाढतील, पण टन कमी होणार नाही. युरियाची गोणी 2018 पासून 45 किलोची झाली, डीएपीची मात्र 50 चीच आहे. ती दोघांनी उचलावी. गुडघे वाकवा, ओझे पोटाजवळ धरा, कंबर न पिळता पाय वळवा. खुरपणीला जमेल तिथे सायकल कोळपे वापरा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने मजुरांच्या कंबरेसाठीच आखूड दांड्याच्या कुदळीवर 1975 साली बंदी घातली.

उसण भरली तर पायाळूची लाथ किंवा कणा मोडून घेणे नको. साधी उसण हिंडत-फिरत राहिल्यास बहुधा काही आठवड्यांत उतरते. कळ पायात उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पायातली शक्ती गेली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी तुंबली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जू ठेवण्यापूर्वी आपण बैलाचा खांदा सुजला आहे का ते पाहतो. घरच्या माणसाच्या कंबरेचीही तेवढीच विचारपूस करा.