पालकाचा मानसिक आजार आणि शाळेतील मूल

आईला ताप आला की मूल शाळेत येऊन तसे सांगते. परंतु आई वा वडील मानसिक आजारावर उपचार घेत असले, तर ते बहुधा गप्प राहते. घरच्यांनी 'बाहेर बोलू नकोस' असे बजावलेले असते आणि गावात 'वेड' हा शब्द त्याच्या कानी पडलेला असतो. अशा मुलाची अडचण शिक्षकास प्रथम कळते ती पुष्कळदा हजेरीपटावरून.

मूल वारंवार उशिरा येते, अभ्यास अपुरा राहतो, वर्गात डोळा लागतो. हा आळस नव्हे. मानसिक आजारावरील काही औषधांनी सुस्ती येते व रोग्यास पहाटे उठणे जड जाते. मग पाणी भरणे, भाकरी करणे, धाकट्या भावंडांस सांभाळणे ही कामे दहा वर्षांच्या मुलीवर येऊन पडतात. कारण न जाणता तिला वर्गाबाहेर उभे केले, तर ती उद्या येणारही नाही. आणि घरकामासाठी शाळा सुटलेली मुलगी परत आणणे किती कठीण, हे ग्रामीण शिक्षकांस सांगावयास नको.

अशा मुलाच्या मनात तीन प्रश्न घोळत असतात. 'हे माझ्यामुळे झाले काय?' मुलाच्या खोडीने वा हट्टाने असा आजार जडत नाही, हे त्यास स्पष्ट सांगावे. 'आई बरी होईल काय?' येथे खोटा दिलासा देऊ नये. उपचार चालू आहेत, औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, एवढे सांगणे पुरे. 'मलाही असे होईल काय?' हा आजार सहवासाने लागत नाही. काही आजारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो. तरीही अशा पालकांच्या बहुतेक मुलांस तो होत नाही. हे बोलणे एकांतात व मुलाच्या कलाने व्हावे. चारचौघांत विचारपूस करू नये.

रोग्याची माहिती गुप्त राखण्याचा हक्क मानसिक आरोग्यविषयक २०१७ च्या केंद्रीय कायद्याने मान्य केला आहे. शाळेनेही तीच मर्यादा पाळावी. चिडवाचिडवी दिसताच ती तेथेच थांबवावी.

शाळेच्या हातून होण्याजोगी कामे साधी आहेत. गृहपाठ शाळेतच पुरा करून घ्यावा. मुलाने आपण होऊन जवळ यावे, असा एक शिक्षक ठरलेला असावा. औषधे वेळेवर देण्याचा भार मुलावर न पडता मामा, आजी अशा वडीलधाऱ्यांनी घ्यावा, हे घरी समजावून सांगावे. औषध मध्येच बंद केल्यास आजार उलटण्याचे भय असते, हेही त्यांच्या कानावर घालावे. सल्ल्यासाठी १४४१६ हा 'टेली-मानस'चा विनामूल्य दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र चालू आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मूल उपाशी राहत असेल वा त्यास मारहाण होत असेल, तर १०९८ वर कळवावे.

उपचार करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. घरातील दिवस कसा उगवेल हे ज्या मुलास ठाऊक नसते, त्यास शाळेची घंटा, प्रार्थना, पाढे व दुपारचे जेवण ठरल्या वेळी मिळाले, तर त्याचा मोठाच आधार वाटतो. हा आधार अखंड राहील, एवढे प्रत्येक शाळेने पाहावे.