फ्यूज यंत्राला वाचवतो, कामगाराला नव्हे

पावसाळा सुरू झाला, की कारखान्यांतील वायरमनकडे एक तक्रार हमखास येते : ‘मशीन सारखी ट्रिप होते.’ मोटारीच्या वेटोळ्यांत ओल शिरते, इन्सुलेशन दुबळे होते आणि विजेची गळती ओळखणारे उपकरण पुरवठा तोडते. उत्पादन थांबू नये म्हणून मग त्या उपकरणाला वगळून थेट तार जोडली जाते. यंत्र सुरू होते. कामगाराचे एक महत्त्वाचे संरक्षण मात्र त्याच क्षणी संपते.

एमसीबी किंवा फ्यूज असताना या वेगळ्या उपकरणाची गरज काय, असे अनेकदा विचारले जाते. उत्तर साध्या गणितात आहे. फ्यूज व एमसीबी अतिप्रवाहापासून तारांचे आणि यंत्राचे रक्षण करतात. शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टचा स्पर्श होताच शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. ३२ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी हा प्रवाह नगण्य आहे. माणसाचे मात्र सुमारे १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात व पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी प्रयोगांद्वारे हात सोडवता येण्याची ही मर्यादा मोजली आणि १९६१ मध्ये गळती ओळखणारे उपकरण सिद्ध केले.

हिशेब जुळला नाही तर...

आरसीसीबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपकरणाचे तत्त्व जमाखर्चासारखे आहे. तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांच्या तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला सर्व प्रवाह याच तारांतून परतला, तर बेरीज शून्य होते. काही भाग यंत्राच्या सांगाड्यातून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गेला, की हिशेब बिघडतो आणि पुरवठा खंडित होतो. ३० मिलिअँपिअरच्या साध्या उपकरणाने तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदात पुरवठा तोडणे अपेक्षित असते.

अर्थात, हे उपकरण अर्थिंगला पर्याय नाही. अर्थिंग चांगले असेल, तर कोणी स्पर्श करण्यापूर्वीच गळती जमिनीत जाते व उपकरण ट्रिप होते. अर्थिंग नसेल, तर ट्रिप होण्यासाठी कोणाला तरी धक्का बसावा लागतो. शिवाय एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्यास हे उपकरण वाचवू शकत नाही.

ड्राइव्हचा पेच

मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमुळे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. ड्राइव्हमधील फिल्टरमधून थोडी गळती सतत होत असते. अशी अनेक यंत्रे एकाच उपकरणावर असली, की दोष नसतानाही ते ट्रिप होते. दुसरा धोका छुपा आहे. तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये बिघाड झाल्यास एकदिश प्रवाहाची गळती होऊ शकते. तिने चुंबकीय कडे संपृक्त झाले, की ‘एसी’ किंवा ‘ए’ वर्गाचे उपकरण आंधळे होते. एरवी त्याचे चाचणीचे बटण व्यवस्थित चालत असल्याने हा धोका लक्षात येत नाही. अशा ठिकाणी ‘बी’ वर्गाचे उपकरण लागते.

उपकरणाची संवेदनशीलताही जागेनुसार ठरते. हातात धरायच्या ड्रिल, ग्राइंडरसारख्या अवजारांच्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचे, तर मुख्य पॅनेलवर आगीपासून संरक्षणासाठी ३०० मिलिअँपिअरचे, किंचित विलंबाने तोडणारे उपकरण बसवण्याची पद्धत आहे. त्यामुळे एका अवजारातील दोषाने सारा कारखाना अंधारात जात नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमावलीने पाच किलोवॉट व त्याहून अधिक भाराच्या जोडण्यांना गळतीरक्षण बंधनकारक केले होते. २०२३ मध्ये तिची जागा नव्या नियमावलीने घेतली. गळतीरक्षणाची तरतूद मात्र तिच्यातही आहे.

उपकरण वारंवार ट्रिप होत असेल, तर यंत्रे एकेक करून वेगळी करावीत, मेगरने इन्सुलेशन तपासावे, मोटार वाळवून घ्यावी आणि दोष नसल्यास यंत्रांची विभागणी अधिक उपकरणांवर करावी. या साऱ्याला फार तर एखादी पाळी वाया जाईल. उपकरणाला वगळून जोडलेल्या तारेची किंमत मात्र यंत्राला हात लावणारा कामगार मोजतो.