पिल्लाच्या ट्रेनिंगसाठी कोणता खाऊ द्यावा? आणि शिऱ्यातला बेदाणा का देऊ नये?

दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरी आलं की पहिल्या दिवशी काय होतं, हे ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना सांगायला नको. आजी चहात बुडवलेलं बिस्किट देते. धाकटा चीजचा तुकडा भरवतो. शेजारच्या काकू वाटीभर दूध घेऊन येतात. बाबा येताना दुकानातून चावायच्या कांड्यांचं पाकीट आणतात. संध्याकाळी 'बस' शिकवायचा पहिला प्रयोग होतो आणि त्यात आणखी दोन बिस्किटं जातात. रात्री पिल्लाला जुलाब सुरू होतात. सकाळी डॉक्टर विचारतात, "काल काय काय खाल्लं?" आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

या वयात हा प्रश्न साधा नसतो. दोन महिन्यांच्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण झालेलं नसतं. लसींचे डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. मधल्या काळात पार्वो या विषाणूची भीती असते, आणि त्याचीही सुरुवात सुस्ती, उलट्या आणि जुलाबांनीच होते. पोट चीजमुळे बिघडलं की पार्वोमुळे, हे घरी बसून ओळखता येत नाही. पिल्लाच्या पोटात नेमकं काय गेलं हे ठाऊक असेल, तर डॉक्टरांचं काम पुष्कळ सोपं होतं.

तरीही खाऊ देऊच नये, असं अजिबात नाही. लहान पिल्लाला शिकवायला खाऊइतकं सोपं साधन नाही. फक्त तो कशासाठी देतोय हे आधी लक्षात घ्यायला हवं.

खाऊ म्हणजे जेवण नव्हे

ट्रेनिंगमधला खाऊ हा पोट भरण्यासाठी नसतो, तो निरोप असतो. 'आत्ता तू जे केलंस ना, तेच मला हवं होतं', एवढाच निरोप. तो वेळेवर पोचला तरच उपयोग. पिल्लू खाली बसलं, तुम्ही उठून फ्रिज उघडला, डबा काढला, तुकडा तोडला, तोवर ते उठून तुमच्या पायाशी नाचायला लागलेलं असतं. मग खाऊ मिळतो तो नाचण्याबद्दल. एक-दोन सेकंदांत बक्षीस तोंडात जायला हवं. म्हणून बरेच ट्रेनर आधी एक ठरलेला शब्द वापरायला सांगतात: 'शाब्बास' किंवा 'येस'. पिल्लू बसलं त्याच क्षणी शब्द, पाठोपाठ खाऊ. थोड्याच दिवसांत त्या शब्दालाच खाऊचा अर्थ येतो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलेली गोष्ट हीच.

खाऊ कसा असावा हेही यावरूनच ठरतं. तो लहान हवा. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला मटारच्या दाण्याएवढा, पॉमेरेनियन किंवा शित्झूच्या पिल्लाला हरभऱ्याच्या डाळीएवढा. माणसाला हे कंजूषपणाचं वाटतं. पण कुत्रा तुकड्याचा आकार मोजत नाही, तो किती वेळा मिळाला हे मोजतो. एक मोठं बिस्किट एकदाच देण्यापेक्षा दहा चिमुकले तुकडे दहा वेळा दिले तर दहा वेळा शिकवणं होतं.

तो मऊ हवा. कडक बिस्किट चावायला वेळ लागतो, चुरा जमिनीवर पडतो आणि पिल्लू पुढची दोन मिनिटं फरशी चाटत बसतं. शिवाय साधारण तीन ते सहा-सात महिन्यांच्या काळात दुधाचे दात पडून नवे येत असतात, हिरड्या दुखऱ्या असतात.

आणि त्याला वास हवा. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या ग्रंथी माणसापेक्षा पुष्कळ कमी असतात, त्याचं जग नाकाचं. फ्रिजमधून काढलेल्या थंडगार तुकड्यापेक्षा हातात धरून किंचित कोमट झालेला तुकडा जास्त काम करतो.

किती द्यायचा?

पशुवैद्यकात सर्वसाधारण नियम असा आहे की वरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्यक्ष आकडा पाहिला की धक्का बसतो. चार महिन्यांच्या आतलं ४ किलोचं पिल्लू असेल तर त्याची दिवसाची गरज नेहमीच्या सूत्राने साधारण ६०० कॅलरी निघते. म्हणजे खाऊचा वाटा ६० कॅलरी. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण २० ते २५ कॅलरी असतात. अडीच-तीन बिस्किटांत दिवसाचा कोटा संपला! उकडलेल्या बोनलेस चिकनचा हिशेब केला तर तेवढ्याच कॅलरींत ३५ ग्रॅमच्या आसपास तुकडे येतात, म्हणजे मटारएवढे पन्नासेक. १ किलोच्या पिल्लाचा खाऊचा वाटा तर जेमतेम २० कॅलरी. त्याच्यासाठी एक बिस्किट म्हणजे पूर्ण दिवसाचा खाऊ.

दहा टक्के ओलांडले तर फक्त वजन वाढतं असं नाही. पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात कॅल्शियम, फॉस्फरस, प्रथिनं यांचं प्रमाण वाढीच्या वयाला धरून ठरवलेलं असतं. बिस्किट-पोळीने पोट भरलं की पिल्लू ते खाणं ताटात सोडतं. मग कुणीतरी कॅल्शियमचं टॉनिक सुचवतं, आणि मोठ्या जातींच्या पिल्लांत जादा कॅल्शियम हाडांच्या वाढीला उलट घातक ठरतं.

यावर सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे. पिल्लाचं रोजचं कोरडं खाणं सकाळी मोजून घ्यायचं आणि त्यातलंच मूठभर बाजूला काढून ट्रेनिंगला वापरायचं. पोट बिघडण्याचा प्रश्न नाही, कॅलरी वाढण्याचा प्रश्न नाही. जेवणाआधी थोडी भूक असताना घरात शिकवायला हे दाणे पुरतात. मात्र 'भुकेलं असलं की लवकर शिकेल' म्हणून एखादं जेवण चुकवू नका. अगदी लहान चणीच्या पिल्लांच्या रक्तातली साखर उपाशी राहिल्यावर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आणखी एक गोष्ट आमच्या मते प्रत्येक घरात करावी. एक छोटा डबा ठरवा. दिवसाचा सगळा खाऊ सकाळी त्यात भरा. आजी असो, धाकटा असो की शेजारच्या काकू, ज्याला द्यायचंय त्याने त्याच डब्यातून द्यायचं. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचा खाऊ संपला. याने भांडणंही वाचतात आणि डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तरही तयार असतं.

स्वयंपाकघरातलं काय चालेल?

घरात मांसाहार होत असेल तर मीठ-मसाला न घालता उकडलेलं बोनलेस चिकन हा बहुतेक पिल्लांचा पहिला नंबर. कलेजीचा वास जबरदस्त, पण तिच्यात 'अ' जीवनसत्त्व भरपूर असल्याने ती अधूनमधून आणि चिमूटभरच. उकडलेलं अंडं चालतं, फक्त त्याचा चुरा होतो. कोकणात किंवा मुंबईच्या किनाऱ्याकडच्या घरात सुके बोंबील असतील आणि ते मीठ न लावता वाळवलेले असतील, तर त्याचं नखाएवढं खांडसुद्धा पिल्लाचं लक्ष खेचून घेतं. खारवलेली मासळी मात्र नको.

शाकाहारी घरांनी हताश व्हायचं कारण नाही. घरचं ताजं पनीर मऊ असतं, वास बरा असतो आणि त्यात दुधापेक्षा लॅक्टोज बरंच कमी असतं. पण त्यात स्निग्धांश जास्त, म्हणून दिवसाला वीसेक ग्रॅमच्या आतच. उकडलेलं रताळं, लाल भोपळा, गाजर, बिया काढलेलं सफरचंद हेही चालतं. साधे चुरमुरे हलके असतात, अर्थात शेव-फरसाणाच्या डब्यातले नव्हेत. पोळीचा कोरडा तुकडा अपायकारक नाही, पण बहुतेक पिल्लांना त्याचं फारसं कौतुक नसतं. दूध टाळलेलं बरं. आईचं दूध सुटल्यावर लॅक्टोज पचवण्याची क्षमता कमी होत जाते आणि त्या वाटीभर दुधाचा परिणाम सकाळी फरशीवर दिसतो.

यातलं काहीही नवीन सुरू करताना एका वेळी एकच गोष्ट, दोन-तीन तुकडे, आणि मग दोन-तीन दिवस पोटावर लक्ष. तीन नव्या गोष्टी एका दिवशी दिल्या आणि पोट बिघडलं तर दोष कुणाचा हे कधीच कळत नाही. जुलाबांबरोबर उलट्या, सुस्ती किंवा रक्त दिसलं तर मात्र 'काल पनीर जास्त झालं असेल' म्हणत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सगळ्या कामांना एकच खाऊ वापरायचीही गरज नाही. हॉलमध्ये 'बस' म्हणायला रोजचे दाणे पुरे. सोसायटीच्या गेटपाशी, रिक्षाचे हॉर्न वाजत असताना तुमच्याकडे बघायला लावायचं असेल तर तिथे चिकन किंवा पनीर लागतं. हाक मारल्यावर येणं ही तर पिल्लाचा जीव वाचवणारी सवय. त्यासाठी घरातली सगळ्यात आवडती गोष्ट राखून ठेवा आणि ती एरवी देऊच नका. लस टोचून घेताना स्टीलच्या ताटलीला लावलेलं थोडं साधं दही चाटायला दिलं तर पुष्कळ पिल्लांना सुई कळतही नाही.

जे कधीच नाही

आपल्याकडे खाऊच्या नावाखाली सगळ्यात निष्पापपणे दिला जाणारा धोका म्हणजे बेदाणा. सत्यनारायणाचा शिरा, दिवाळीचा चिवडा, खीर, पुलाव, सगळीकडे तो असतो. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यात आजारी पडतो, म्हणून सुरक्षित प्रमाण असं सांगताच येत नाही. 'आमच्या आधीच्या टॉमीला काही झालं नव्हतं' हा पुरावा इथे चालत नाही. २०२१ पासून अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय विषतज्ज्ञांचा रोख टार्टारिक आम्लाकडे आहे. द्राक्षांत त्याचं प्रमाण जास्त असतं, आणि चिंचेतही. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. तेव्हा आमटीत भिजवलेली पोळी देताना दोनदा विचार करा. त्या आमटीत बहुधा कांदा-लसूणही असतो आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

चॉकलेट सर्वांना माहीत आहे. झायलिटॉल मात्र अजून फारसं माहीत नाही. शुगर-फ्री च्युइंगम, काही मिठाया आणि काही पीनट बटरमध्ये ही गोडी असते. कुत्र्याच्या शरीरात ती इन्सुलिन उसळवते, साखर झपाट्याने खाली येते, पुढे यकृतही निकामी होऊ शकतं. पीनट बटर देणार असाल तर आधी मागचं लेबल वाचा. शिजवलेली हाडं अणकुचीदार तुटतात, ती नकोत.

पिल्लाने यातलं काही खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा आणि किती, कधी खाल्लं ते सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा घरगुती उपाय करू नका, त्या मिठानेच विषबाधा होते.

दुकानातल्या पाकिटांबद्दल थोडक्यात. पिल्लांसाठी आहे का आणि कोणत्या वयापासून, हे बघा. घटकांच्या यादीत साखर किंवा मीठ वर असेल तर परत ठेवा. नखाने दाबून खळगा पडत नाही इतकी कडक वस्तू पिल्लाच्या दातांसाठी नाही. पावसाळ्यात उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा, बुरशीचा जरा जरी वास आला तर टाकून द्या. घरी उकडलेलं चिकन फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे नाही.

'खाऊ दाखवल्याशिवाय ऐकतच नाही'

ही तक्रार महिन्याभरात येतेच आणि तिचं कारण बहुधा खाऊ नसून त्याची जागा असते. सुरुवातीला तुकडा नाकापुढे धरून पिल्लाला बसवलं जातं. ते आमिष. बसल्यावर मिळतं ते बक्षीस. आमिष पाच-सहा वेळाच वापरायचं. नंतर हात तसाच फिरवायचा, पण रिकामा. पिल्लू बसलं की 'शाब्बास' म्हणायचं आणि मग दुसऱ्या हाताने खिशातून किंवा मागच्या टेबलावरच्या डब्यातून खाऊ काढायचा. हात रिकामा दिसला तरी खाऊ मिळतो, हे पिल्लाला कळायला दोन-तीन दिवस पुरतात. रोज तीन-चार वेळा, दर वेळी तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. एखादी गोष्ट पक्की झाली की दर वेळी खाऊ देणं बंद करून कधी दुसऱ्यांदा, कधी चौथ्यांदा द्या, आणि मधल्या वेळी कौतुक किंवा चेंडू. फक्त हाकेला धावत आलेल्या पिल्लाचे हात रिकामे पाठवू नका, ते पाच वर्षांचं झालं तरी.