तार महाग, म्हणून चित्र सुरेख?

दिवाळीत टीव्ही घेणाऱ्या गिऱ्हाइकाची खरी परीक्षा होते ती बिल फाडण्याच्या वेळी. संच पसंत झालेला असतो, घासाघीस आटोपलेली असते, आणि मग विक्रेता काचेच्या कपाटातून एक जाडजूड वायर अलगद बाहेर काढतो. "साहेब, एवढा भारी संच घेतलात, त्याला साधी वायर लावणार? ही सोन्याच्या मुलाम्याची. चित्र कसं आरशासारखं दिसेल!" मंडळी शेजारी उभी असतात, सणासुदीला चिक्कूपणा बरा दिसत नाही. हजार-दोन हजार सहज जातात. ते जावेत का, एवढाच प्रश्न.

असे बोलणे एके काळी अगदीच खोटे नव्हते. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी टीव्ही आला, तेव्हापासून कितीतरी वर्षे गच्चीवरच्या अँटेनाची चपटी वायर हे घरातले एक नाजूक प्रकरण होते. त्या काळी वायरीतून येणारी लहर हेच चित्र असे. लहर क्षीण झाली की पडद्यावर मुंग्या. परावर्तित होऊन उशिरा पोचली की बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट सावली! पुढे डीव्हीडीच्या काळातही एका पिवळ्या वायरीऐवजी लाल, हिरवी, निळी अशा तीन जोडल्या, तर चित्र डोळ्यांना जाणवेल इतके सुधारे.

२००२ च्या डिसेंबरात एचडीएमआयचे पहिले मानक प्रसिद्ध झाले आणि हा हिशेबच बदलला. या १९ टाचण्यांच्या जोडणीतून चित्र जाते ते शून्य आणि एक अशा आकड्यांनी. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण जुन्या वाचकांना तिची कडकट्ट आठवत असेल. 'लग्न ठरले' एवढा मजकूर नीट पोचला की काम झाले. तांब्याची तार जाड होती म्हणून नवरामुलगा अधिक देखणा होत नसे! इथेही तसेच. आकडे पोचले की चित्र पूर्ण. चुकू लागले तर पडद्यावर पांढरे ठिपके लुकलुकतात, चित्र क्षणभर नाहीसे होते, किंवा पडदा काळाच राहतो. रंग गडद होणे, चेहरा उजळणे हे वायरीच्या हातचे नव्हे. सोने गंजत नाही, तेव्हा कोकणच्या खाऱ्या हवेत मुलामा उपयोगी खरा. पण तो स्वस्त वायरींनाही असतो.

मात्र कोणतीही जुनी वायर चालेल, असेही नाही. साध्या एचडी चित्राला सेकंदाला सुमारे साडेचार अब्ज आकडे पुरतात. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायचे तर ही गरज १८ अब्जांच्या घरात जाते. त्यासाठी वेष्टनावर 'प्रीमियम हाय स्पीड' हे शब्द पाहावेत. घरातल्या मुलांचा खेळाचा डबा सेकंदाला १२० चित्रे पाठवणारा असेल, तर ४८ अब्जांची 'अल्ट्रा हाय स्पीड' घ्यावी. किमतीपेक्षा हे शब्द महत्त्वाचे.

आणि ज्यांना चित्र खरोखरच सुधारायचे आहे, त्यांनी आधी टीव्हीच्या मागे डोकवावे. एचडी संच आणि एचडी सेट-टॉप बॉक्स यांच्यामध्ये तीच जुनी पिवळी वायर लोंबताना दिसली, तर दोन-तीनशे रुपयांची साधी एचडीएमआय लावून पाहा. फरक आजीलाही चष्म्याशिवाय कळेल. मग संचाची मांडणी उघडावी. दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून कित्येक संच 'विविड'वर ठेवलेले असतात. घरी माणसांचे चेहरे त्यामुळे नारिंगी दिसतात. तिथे 'सिनेमा' निवडायला दमडीही लागत नाही.

राहता राहिली लांबी. दोन-तीन मीटरांपर्यंत काळजी नको. पण छताला प्रोजेक्टर टांगून पंधरा मीटर वायर भिंतीतून न्यायची असेल, तर तांबे थकते. तिथे काचतंतूची वायर घ्यावी, आणि इथे मात्र पैसे मोजावेत. तिला दिशा असते: एक टोक डब्याचे, दुसरे पडद्याचे, तशी खूणही टोकांवर असते. उलटी जोडली तर चित्र येत नाही. तेव्हा गिलावा करण्यापूर्वी एकदा चालवून पाहावी.